यादी, टॅब आणि डबल बेल

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचरवर निजलेल्या माणसाला दहा मिनिटांत तीनदा नाव विचारले जाते. वॉर्डातली सिस्टर थिएटरच्या सिस्टरला ओव्हर देते, म्हणजे पेशंट सोपवते, तेव्हा एकदा, मग भूलतज्ज्ञ विचारतात, मग ऑपरेशन करणारे डॉक्टर. "नाव सांगा, पूर्ण. कशाचं ऑपरेशन आहे? कोणती बाजू?" तिसऱ्यांदा तेच ऐकून पेशंट वैतागतो. शेजारी उभा असलेला मुलगा तर बोलूनच दाखवतो, "अहो मॅडम, केसपेपरवर सगळं लिहिलंय ना!" त्याचे म्हणणे खोटे नाही. केसपेपरवर सगळे लिहिलेले असते. पण तो केसपेपर याच माणसाचा आहे की शेजारच्या खाटेवरच्या, त्याच आडनावाच्या माणसाचा, एवढे मात्र केसपेपरला सांगता येत नाही.

हा प्रश्न म्हणजे रुग्णसुरक्षेच्या यादीची पहिली ओळ. गेली दीडेक दशके ही यादी बहुतेक ठिकाणी केसपेपरला टाचलेल्या एका छापील कागदावर राहिली. आता ती टॅबवर, वॉर्डातल्या संगणकावर, थिएटरच्या भिंतीवरच्या पडद्यावर येऊ लागली आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने आरोग्याच्या नोंदी कागदावरून उचलण्याचा रेटा लावला आहे. मोठी खासगी रुग्णालये त्या वाटेवर बरीच पुढे गेली आहेत आणि सिव्हिल हॉस्पिटलांनाही आज ना उद्या हा निर्णय करावा लागणार आहे. यादी एकदा डिजिटल झाली की चुका आपोआप थांबतील, असे एका गटाला वाटते. दुसरा गट "आणखी एक ॲप, आणखी एक पासवर्ड" म्हणत कपाळावर हात मारून घेतो. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, म्हणूनच हा प्रश्न एका वाक्यात निकालात निघत नाही.

आधी यादीचे श्रेय यादीला द्यायला हवे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात २००३ पासून शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी एक साधा प्रयोग केला. मोठ्या शिरेत नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, घालताना पाच गोष्टी पाळायच्या: हात धुणे, क्लोरहेक्सिडीनने कातडी पुसणे, टोपी-मास्क-गाऊन-हातमोजे घालून पेशंटला निर्जंतुक कापडाने पूर्ण झाकणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढून टाकणे. यातले काहीच नवे नव्हते. या पाच गोष्टी ठाऊक नसलेला डॉक्टर तिथे शोधूनही सापडला नसता. तरीही नळीमुळे रक्तात होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण दर हजार नळी-दिवसांमागे सरासरी ७.७ होते, ते दीड वर्षात १.४ वर आले. जॉन्स हॉपकिन्सचे पीटर प्रोनोव्होस्ट यांनी आखलेल्या या प्रयोगातले एक कलम पाच गोष्टींच्या बाहेरचे होते आणि कदाचित तेच सर्वांत मोलाचे होते. डॉक्टरने पायरी गाळली तर नर्सने त्याला थांबवायचे आणि रुग्णालयाने नर्सच्या पाठीशी उभे राहायचे.

शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणली. तिचे तीन थांबे आहेत: भूल देण्याआधी, पहिला छेद घेण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत तिची परीक्षा झाली. त्यांत दिल्लीही होती. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि मोठी गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली होती. या कामाचे नेतृत्व करणारे शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांचे वडील विदर्भातल्या उटी गावातून डॉक्टर होऊन अमेरिकेला गेलेले. या यादीच्या धाग्याचे एक टोक असे आपल्याकडेही येते.

"इतकी वर्षं ऑपरेशनं करतोय, मला काय यादी दाखवता?" असे म्हणणारे सर तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांना उत्तर घरातलेच देता येईल. सत्यनारायणाच्या साहित्याची यादी गुरुजींना तोंडपाठ असते, तरी ते ती लिहून देतात. कारण ती त्यांच्या स्मरणासाठी नसतेच. घरातल्या प्रत्येकाला काय आणायचे, काय मांडायचे ते सारखे कळावे, ऐन संकल्पाच्या वेळी सुपाऱ्या शोधत बसायला लागू नये, यासाठी असते. थिएटरमधली यादीही सरांची परीक्षा घेत नाही. ती खोलीतल्या सहा-सात माणसांना एका पानावर आणते.

पुढचे पुरावे पाहिले की मात्र चित्र एवढे सरळ राहत नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने २०१० मध्ये यादी किती वापरली याचे आकडे जाहीर करणे रुग्णालयांना सक्तीचे केले. १०१ रुग्णालयांचा हिशेब २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. यादी जवळपास सगळीकडे वापरली जात असल्याचे रुग्णालये सांगत होती, पण मृत्यूंचे प्रमाण ०.७१ टक्क्यांवरून ०.६५ टक्क्यांवर आले होते. संख्याशास्त्राच्या लेखी हा फरक नव्हेच. याउलट अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनात १४ रुग्णालयांनी स्वखुशीने, वेळ घेऊन, आपापल्या थिएटरला बेतून यादी रुजवली. तिथे शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांतले मृत्यू ३.३८ टक्क्यांवरून २.८४ टक्क्यांवर उतरले. राज्यातल्या बाकीच्या रुग्णालयांत ते उतरले नाहीत. यादीत फरक नव्हता, ती रुजवण्याच्या रीतीत होता.

आपल्या देशातला अनुभव याहून बोचरा आहे. उत्तर प्रदेशातल्या २४ जिल्ह्यांतील १२० प्रसूती केंद्रांत सुरक्षित बाळंतपणाच्या यादीचा मोठा अभ्यास झाला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दीड लाखाहून जास्त माता त्यात होत्या. निम्म्या केंद्रांना यादी आणि सोबत येऊन शिकवणारे प्रशिक्षक मिळाले. दोन महिन्यांनी त्या केंद्रांत आवश्यक कृतींपैकी सुमारे ७३ टक्के होत होत्या, बाकीच्या केंद्रांत ४२ टक्के. प्रशिक्षकांचे येणे बंद झाल्यानंतर, बाराव्या महिन्यात, ७३ चे ६२ झाले. आणि ज्यासाठी हा सारा खटाटोप, ते माता-बालकांचे मृत्यू आणि मातांची गंभीर गुंतागुंत? एकीकडे १५.१ टक्के, दुसरीकडे १५.३. हात धुतले गेले, रक्तदाब मोजला गेला. पण वाढलेला रक्तदाब दिसल्यावर लागणारे इंजेक्शन कपाटात असणे, पुढे न्यायला गाडी असणे, गाडी पोहोचेल तिथे डॉक्टर आणि रक्त असणे, हे यादीच्या हातात नसते.

इथे एसटीची आठवण होते. कंडक्टरने डबल बेल दिली की ड्रायव्हर गाडी काढतो. मागच्या दारात आजींचा एक पाय अजून पायरीवर आहे की दोन्ही आत आले, हे ड्रायव्हरला दिसत नाही. ते कंडक्टरला दिसते. डबल बेल हा त्या दोघांतला करार आहे: मी पाहिले आहे, तू निघ. पण तिकिटांचा हिशेब लावत, मान वर न करता कंडक्टरने बेल दिली, तरी आवाज तोच येतो आणि गाडीही तशीच सुटते. यादीतली टिक ही अशीच डबल बेल आहे. मिशिगनमध्ये बेल देणाऱ्याने दार पाहिले होते. ऑन्टारिओच्या आकड्यांत बेल तेवढी मोजली गेली. डिजिटल यादीचे मूल्यमापनही याच कसोटीवर करायला हवे. पडद्यामुळे माणसाची मान दाराकडे वळते की बेल देणे फक्त सोपे होते?

आधी मान वळवण्याच्या बाजूने बोलू. कागदी यादीचे खरे रूप पाहायचे असेल तर दुपारी ऑपरेशनांची रांग संपल्यावर थिएटरमध्ये जावे. एखादा इंटर्न टेबलाशी बसून सकाळपासूनच्या चार-पाच फायलींतले कागद भरत असतो. एकोणीस टिका, एकाच पेनाच्या, एकाच तिरक्या वळणाच्या. 'पेशंटने स्वतः नाव सांगितले' यापुढचीही टिक. पेशंट तेव्हा वॉर्डात परत जाऊन झोपलेला. कागदाला वेळ कळत नाही, त्यामुळे तो हे निमूट सहन करतो. टॅबला वेळ कळते. छेद १०:२० ला आणि 'छेदाआधीचा थांबा' १:४५ ला, तोही अकरा सेकंदांत उरकलेला, हे त्याच्या नोंदीत उघडे पडते.

दुसरा फायदा याहून मोठा. छापील यादी सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारते. पाच वर्षांच्या मुलाला आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या सत्तरीच्या आजोबांना तिच्याकडे एकच साचा असतो. पेशंटच्या नोंदींशी जोडलेली यादी लागू तेवढेच विचारू शकते. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या कॅथरिना रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या राउंडसाठी अशी यादी घडवली गेली. जे मुद्दे कागदावर गळत होते, त्यांतले बरेच तिने डॉक्टरांसमोर आणून ठेवले. भिंतीवरच्या पडद्याचाही अनुभव चांगला आहे. नॅशव्हिलच्या वॅंडरबिल्ट विद्यापीठाच्या थिएटरांत छेदाआधीचे मुद्दे सगळ्यांना दिसतील असे मोठ्या इलेक्ट्रॉनिक फलकावर आणले, तेव्हा ते पाळले जाण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते ते ८० टक्क्यांच्या वर गेले आणि काही महिन्यांनीही टिकून होते.

औषध देण्याच्या कामात पुरावा आणखी ठोस आहे. पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीचा बारकोड आणि औषधाचा बारकोड जुळला तरच पुढे जायचे, अशी पद्धत बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयाने बसवली. वेळेच्या चुका सोडून औषध देण्यातल्या इतर चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्याचे २०१० मध्ये दिसले. रात्री तीन वाजता तिसाव्या पेशंटला इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरच्या डोळ्यांवर किती भार टाकायचा याला मर्यादा असते. तिथे यंत्राचा डोळा मदतीला यावा, यात कमीपणा नाही. आणीबाणीचेही तसेच. भूल दिलेल्या पेशंटचे हृदय अचानक थांबले तर काय, कोणत्या क्रमाने करायचे, याच्या याद्या हाती दिल्यावर नकली प्रसंग उभे करून केलेल्या एका अमेरिकी चाचणीत गाळलेल्या पायऱ्या २३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आल्या. त्या याद्या पुस्तिकेत होत्या. पण ऐन वेळी पुस्तिका इन्चार्ज सिस्टरच्या कुलूपबंद कपाटात असते आणि पडदा समोर असतो, हा फरक लहान नव्हे.

आता दुसरी बाजू. संगणकाची सूचना दहादा निरर्थक वाजली की अकराव्यांदा ती कोणी वाचत नाही. औषधांविषयीच्या धोक्याच्या सूचना डॉक्टर किती वेळा बाजूला सारतात, याचा २००६ मध्ये आढावा घेतला गेला तेव्हा वेगवेगळ्या अभ्यासांत ते प्रमाण ४९ ते ९६ टक्के निघाले. लांडगा आला रे आला, ही गोष्ट यंत्रालाही लागू पडते. बारकोडचेही तेच झाले. अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांत २००८ मध्ये पाहिले तर पद्धतीला वळसा घालण्याचे पंधरा प्रकार सापडले. पेशंटच्या पट्टीची जादा प्रत काढून ती दाराच्या चौकटीला, औषधांच्या गाडीला चिकटवलेली. म्हणजे पेशंटला न उठवता, त्याच्याजवळ न जाता 'ओळख पटली'. त्या नर्स आळशी नव्हत्या. स्कॅनर चालत नव्हता, पट्टी भिजली होती, वायर खाटेपर्यंत पोहोचत नव्हती आणि औषधाची वेळ टळत होती. पद्धत जमिनीवर चालत नसली की माणसे तिला बगल देतातच आणि मग पडद्यावर सारे हिरवे दिसते. कागदावरची खोटी टिक निदान संशय घेण्याजोगी असते. पडद्यावरच्या हिरव्या खुणेवर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो.

याहून गंभीर इशारा पिट्सबर्गहून आला. तिथल्या मुलांच्या रुग्णालयात डॉक्टरांनी सगळ्या ऑर्डरी संगणकावरूनच द्यायच्या, अशी पद्धत आली. बाहेरून पाठवलेल्या अत्यवस्थ मुलांमधले मृत्यूचे प्रमाण आधी २.८० टक्के होते, नंतरच्या पाच महिन्यांत ते ६.५७ टक्के झाले. मूल रुग्णालयात पोहोचून नोंद होईपर्यंत औषधाची ऑर्डर भरता येत नव्हती. पूर्वी मूल गाडीत असतानाच औषधे भरून तयार ठेवली जात. नर्स आणि डॉक्टर खाटेपाशी असायचे ते संगणकापाशी अडकले. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. पण पुढच्याच वर्षी सिॲटलच्या मुलांच्या रुग्णालयाने तीच संगणकप्रणाली बसवूनही मृत्यू वाढले नसल्याचे दाखवले. नेहमी लागणाऱ्या ऑर्डरींचे संच त्यांनी आधी तयार ठेवले होते. म्हणजे या दोन शहरांमधला फरक प्रणालीने केला नाही, ती आपल्या कामात बसवून घेण्यासाठी घेतलेल्या कष्टांनी केला.

हे कष्ट आपल्याकडे कोण घेणार, हा खरा चिंतेचा मुद्दा आहे. आपल्याकडे डिजिटल येते ते बहुधा कागदाच्या जागी नव्हे, कागदाच्या डोक्यावर येते. रजिस्टर भरायचेच, वर ॲपही भरायचे. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. फोन कमी कुवतीचे, सतत बंद पडणारे आणि पोषण ट्रॅकर हे ॲप इंग्रजीत, अशी त्यांची तक्रार होती. तो विषय रुग्णालयाचा नव्हता, पण धडा तोच आहे. ज्यांनी वापरायचे त्यांना न विचारता आलेले साधन साधन राहत नाही, ओझे होते. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळणाऱ्या सिस्टरच्या हातात टॅब देणे म्हणजे तिचा एक हात काढून घेणे ठरू शकते.

वीज आणि सर्व्हर यांचीही चिंता आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला. देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकाला सुमारे दोन आठवडे कागदावर परतावे लागले. जिथे कागदाची सवय अजून शाबूत होती, तिथे निदान काम चालले. जी पिढी फक्त पडद्यावर शिकेल, तिला त्या दिवशी काय आठवेल? शिवाय पेशंटची माहिती कुणाच्या हाती राहते, हा प्रश्न आहेच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा कागदावर आहे. वॉर्डातल्या संगणकाचा पासवर्ड मात्र पडद्याच्याच कडेला चिकटवलेला असतो.

आणि सर्वांत अवघड मर्यादा ही, की तपासणे वेगळे आणि दुरुस्त करणे वेगळे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा रुग्णांचा जीव गेला. तपासणीची यादी कितीही चांगली असली, तरी तिच्यातल्या 'नाही' या उत्तरामागे पैसा, माणूस आणि मुदत उभी राहिली नाही तर ती यादी पुढच्या चौकशी समितीचा पुरावा तेवढा होते.

मग निर्णय काय करावा? आमच्या मते 'डिजिटल की कागदी' हा प्रश्नच चुकीच्या ठिकाणी कापलेला आहे. यादीत दोन तऱ्हेची कामे मिसळलेली असतात. एक तऱ्हा आठवणीची आणि जुळवणीची: कोणत्या औषधाची ॲलर्जी, कोणता रक्तगट, अँटिबायोटिक किती वाजता दिले, सेंट्रल लाइनला आज कितवा दिवस. हे यंत्र माणसाहून चांगले करते, ते त्याच्याकडे द्यावे आणि बिनदिक्कत द्यावे. औषध देणे, रक्त चढवणे, पाळी बदलताना ओव्हर देणे, पेशंट दुसऱ्या रुग्णालयात पाठवणे, ही कामे बहुधा एकट्याने, घाईत आणि वारंवार होतात. डिजिटल यादीची सुरुवात इथून व्हावी.

दुसरी तऱ्हा थांबण्याची आणि बोलण्याची. छेद घेण्याआधी सगळ्यांनी हातातले काम थांबवून एकमेकांची नावे घेणे. रक्त टिपायचे मॉप मोजताना दोघींनी मिळून मोठ्याने मोजणे आणि फळ्यावर मार्करने '१० + ५' लिहिणे. नुकत्याच रुजू झालेल्या सिस्टरने "सर, अँटिबायोटिक राहिलंय" म्हणणे आणि सरांनी न चिडता हात मागे घेणे. हे कोणताही पडदा करून देत नाही. भलत्या ठिकाणी आला तर मोडतो मात्र: सहा जणांनी एकमेकांकडे पाहायचे त्या क्षणी एक जण टॅबवर बोट फिरवतो आणि बाकीचे पाच तो फिरवतोय म्हणून निर्धास्त होतात. त्यामुळे थिएटरमध्ये पडदा असलाच तर भिंतीवर असावा, कुणाच्या हातात नसावा. तो मोठ्याने वाचला जावा. आणि 'सर्वांना टिक' असे बटण त्यावर मुळीच नसावे.

याला काही अटी जोडायला हव्यात. डिजिटल नोंद सुरू होईल त्या दिवशी तिच्या जोडीचे कागदी रजिस्टर बंद व्हावे. ते बंद करता येत नसेल तर नवी नोंद सुरूच करू नये. यादी मराठीत, छोटी आणि त्या वॉर्डातल्या सिस्टरांनी स्वतः कापून-छाटून घेतलेली असावी. तिची पहिली चाचणी सकाळच्या पाहणीत नव्हे, रात्रपाळीत व्हावी. वीज किंवा सर्व्हर गेल्यास लॅमिनेट केलेला कागद कुठे टांगला आहे हे सर्वांना ठाऊक असावे आणि महिन्यातून एक दिवस त्यावरच काम करून पाहावे. टॅब आणि रिकाम्या जागेवरची सिस्टर यांतून एकच परवडत असेल, तर आधी सिस्टर नेमावी.

टॅबच्या नोंदीतून जे उघडे पडते त्याचे काय करायचे, हेही आधीच ठरवावे लागेल. अकरा सेकंदांत एकोणीस टिका दिसल्या की हाताशी सोपे शस्त्र म्हणजे कारणे दाखवा नोटीस. ती एकदा निघाली की पुढच्या आठवड्यापासून सगळे जण दोन मिनिटे थांबून त्याच एकोणीस टिका मारतील. जाणूनबुजून खोटी नोंद करणाऱ्याला सोडावे असे नाही. पण अकराच सेकंद का लागले, दिवसाला किती ऑपरेशने होती, किती जण हजर होते, हा प्रश्न नोटिशीआधी विचारला जावा. मोजायचे काय, तेही बदलावे. 'पूर्तता ९८ टक्के' या आकड्याने आरोग्य संचालनालयाची बैठक सुखावते, पण ऑन्टारिओने त्या आकड्याची किंमत दाखवून दिली आहे. त्याऐवजी यादीत किती वेळा 'नाही' असे उत्तर आले, त्या 'नाही'चा निरोप कुणाला गेला आणि किती वेळात ते 'हो' झाले, हे मोजावे. ज्या रुग्णालयात महिनाभर एकही 'नाही' नाही, तिथे सगळे सुरळीत चालले आहे असे नव्हे, तिथे कोणी दाराकडे पाहत नाही असे समजावे.

या तोलण्यात पारडे डिजिटलच्या बाजूला झुकते, पण थोडेसेच, आणि या अटी पाळल्या तरच. यंत्रणा आपल्या कामात मुरवायला महिने लागतील. त्या महिन्यांत काम मंदावेल, तक्रारी येतील, आणि उद्घाटनाच्या फोटोनंतर कोणाला त्यात रस उरणार नाही. खरा खर्च तिथे आहे, टॅबच्या बिलात नाही. तो करण्याची तयारी नसेल तर चांगला वाचला जाणारा कागद वाईट भरल्या जाणाऱ्या पडद्याहून कधीही बरा.

आणि सगळे नीट जमून आले, तरी थिएटरच्या दाराशी तो प्रसंग घडायचाच. टॅबवर पेशंटचा फोटो असेल, मनगटाच्या पट्टीचा बारकोड जुळलेला असेल, पडद्यावर हिरवी खूण उमटलेली असेल, आणि तरी सिस्टर वाकून विचारेल, "नाव सांगा, पूर्ण." मुलगा म्हणेल, "अहो मॅडम, तुमच्या टॅबवर सगळं आहे ना!" त्यावर तिचे उत्तर ठरलेले असावे. "आहे की. तरी त्यांच्या तोंडून ऐकू द्या."

तेवढे ऐकल्यावरच तिने डबल बेल द्यावी.